बंडोपंतांचं बिनसलं!

रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या वयाची समस्त मुंबईकर जनता गाढ झोपलेली असते. मीही झोपायचे. पण नोव्हेंबर 2024 ते मे 2025, म्हणजे अख्खा सीझन, मी जवळजवळ प्रत्येक रविवारी त्या वेळी गेटवेच्या पायऱ्यांवर उभी होते. एका हातात इडलीचं पार्सल, दुसऱ्या हातात मल्टिमीटर. (मल्टिमीटर म्हणजे तेच, इलेक्ट्रिशियनकडे असतं ते पिवळं खेळणं. लाल आणि काळ्या वायरींचं.) मास कॉमच्या दोन वर्षांत मला कॅमेरा, माइक, एडिटिंग सॉफ्टवेअर सगळं हाताळायला शिकवलं होतं. मल्टिमीटर कुणीच नाही.

तर, बंडोपंत. बंडोपंत हा माणूस नाही. तो मामाच्या बोटीवरचा ऑटोपायलट आहे.

थांबा, ‘मामाची बोट’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं ते लगेच पुसून टाका. पांढरीशुभ्र यॉट, शॅम्पेन, गॉगल लावलेल्या बायका... यातलं काहीही नाही. चोवीस फुटी, फायबरची, तिसऱ्या हाताची शिडाची बोट. आत दोन माणसं झोपू शकतात, मात्र त्यांचं आपापसात भांडण झालेलं नसावं. सेकंडहँड सेडानच्या किमतीत मिळाली. मामाची नोकरी मर्चंट नेव्हीत, तीही इंजिनरूममध्ये. तीस वर्षं समुद्रावर काढली आणि समुद्र पाहिला तो फक्त ड्युटी संपल्यावर. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्याने असं वाहन घेतलं, ज्यात इंजिन हा शेवटचा पर्याय असतो. मामी याला म्हातारचळ म्हणते. मी ‘सेकंड इनिंग’ म्हणते, कारण तसं लिहिलं की लेख खपतो.

या बोटीला गाडीसारखं स्टिअरिंग व्हील नाही. मागच्या बाजूला सुकाणूला जोडलेला एक लाकडी दांडा आहे, टिलर. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते आणि उजवीकडे ढकलला की डावीकडे. पहिले दोन रविवार मेंदूची पार भेळ होते, मग हाताला आपोआप समजायला लागतं. प्रॉब्लेम एकच. हा दांडा सोडता येत नाही. चहा ओतायचाय? दांडा. शीड सारखं करायचंय? दांडा. निसर्गाची हाक? त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणून बंडोपंत. लाटण्याहून थोडी लांब अशी एक प्लॅस्टिकची पेटी, तिच्यातून आत-बाहेर होणारी एक सळी. पेटीचं एक टोक बसायच्या बाकाच्या कडेला भोकात बसतं, सळीचं टोक टिलरवरच्या पिनमध्ये अडकतं. पोटात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, छोटी मोटर आणि बेताचा मेंदू. बोट हव्या त्या दिशेला धरायची, ‘ऑटो’चं बटण दाबायचं, की झालं. बोट जरा भरकटली की सळी बाहेर येते, जरा जास्त वळली की आत जाते. ग्झं... ग्झं... ग्झं... असा आवाज करत इमानेइतबारे सुकाणू धरून बसतो बिचारा. त्याला जहाजं दिसत नाहीत, खडक दिसत नाहीत, कुठे जायचंय तेही माहीत नसतं. फक्त दिशा माहीत असते.

अशा यंत्रांना नाव ठेवण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सिस चिचेस्टर 1960 साली एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत उतरला तेव्हा त्याने आपल्या वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूला ‘मिरांडा’ म्हटलं होतं. आमच्याकडे बंडोपंत. नीट चालला की बंडोपंत, रुसला की बंड्या. गेल्या सीझनच्या सुरुवातीला तो बहुतेक वेळ बंड्याच होता.

लक्षणं सांगते. बोयाला बोट बांधलेली असताना तो एकदम फर्स्टक्लास. बटण दाबा, सळी बाहेर. दुसरं बटण दाबा, सळी आत. सकाळी मांडव्याला जाताना, जमिनीवरून येणारा मंद वारा असतो (शाळेतलं ‘मतलई वारे’ आठवतंय ना, तेच), तेव्हाही उत्तम. पण दुपारी परतताना खारे वारे सुरू झाले, बोट एका बाजूला कलली, की वीसेक मिनिटांत... टीं टीं टीं! आणि बंड्या झोपला. स्क्रीनवर ‘स्टँडबाय’. सुकाणू सुटलेलं, बोटीचं नाक गर्रकन वाऱ्याकडे वळलेलं, शिडं फडफड करून कानठळ्या बसवतायत, आणि मामा कॉफीचा मग टाकून टिलरकडे झेपावतोय. पाच मिनिटांनी पुन्हा लावला की पुन्हा चालू, जसं काही घडलंच नाही. ऑफिसात असे लोक असतात. बॉस समोर असला की कामसू, आणि ऐन डेडलाइनला नेमके गायब.

आता कुणी म्हणेल, नाही चालत तर नाही, हाताने चालवा! मीही तेच म्हणत होते. एका रविवारी मामीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘अगं, पुण्याहून एक जण बोट बघायला येऊन गेला. आयटीतला आहे. किंमत बरी देतोय. तुझ्या मामाला तू सांग ना. तुझं ऐकेल.’’

‘‘पण मामी, विकायची कशाला?’’

‘‘त्याचा उजवा हात बघितलायस तू?’’

नव्हता बघितला. म्हणजे दर रविवारी बघत होते, पण लक्षात आलं नव्हतं. मामाच्या खांद्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, तेव्हा मी फुलं घेऊन गेले होते आणि फेसबुकवर फोटोही टाकला होता. त्यानंतर तो हात खांद्याच्या वर गेलाच नाही. मी नसलेल्या दिवशी मामा एकटाच बोट काढायचा. तीन-चार तास टिलर धरायचा आणि घरी आल्यावर दोन दिवस डाव्या हाताने जेवायचा. बंडोपंत चालला तर मामाची बोट राहणार, नाही चालला तर पुण्याला जाणार. इतकं सरळ होतं ते. पुण्यात समुद्र नाही हा माझा मुद्दा मामीने ऐकूनही घेतला नाही.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने वर्कशॉपमध्ये टेबलावर चालवून पाहिला, तिथे अर्थातच तो गुणी बाळासारखा वागला. ‘‘सर, जुना झालाय, नवीन घ्या,’’ इति दुरुस्तीवाला. नवीन घ्यायचा म्हणजे परदेशातून मागवायचा, वर कस्टम ड्यूटी. तो आकडा ऐकून मी मनातल्या मनात किती हजार शब्द लिहावे लागतील याचा हिशोब केला आणि गप्प बसले.

मग मामाने मला एक वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. ‘‘इंजिनरूममध्ये बिघाड झाला की आधी पाना उचलायचा नाही, पेन उचलायचं. दर वेळी बंड्या झोपला की लिही.’’

हे माझ्या आवडीचं काम होतं. कॉलेजात सरांनी घोटून घेतलेले सहा ककार: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. मी रकाने आखले. वेळ, वारा, शिडं किती वर, बोटीचं तोंड कुठे, झोपायच्या आधी किती मिनिटं चालला. चार रविवारांत अकरा नोंदी झाल्या. आणि अकराच्या अकरा दुपारच्या! सकाळची एकही नाही. उन्हामुळे असेल, असं मी म्हटलं. मामाने नुसती भुवई उचलली. ‘‘अकरापैकी तीन वेळा ढग होते, तूच लिहिलंयस.’’

मग दुपारी सकाळपेक्षा वेगळं काय असतं? जोर. वारा जास्त, म्हणून सुकाणूवर ताण जास्त, म्हणून मोटरला ढकलायला कष्ट जास्त, म्हणून तिला करंट जास्त लागतो. आणि करंट वाढला की वायर जर कच्ची असेल तर...

‘‘वायरिंग मी स्वतः चेक केलंय,’’ मामा म्हणाला.

हे वाक्य मी ओळखते. ‘फॅक्ट्स मी स्वतः चेक केल्यात’ असं सीनियर म्हणाला की पुढे कुणी विचारत नाही, आणि सोमवारी ‘शुद्धिपत्र’ छापायला लागतं. मामाने चेक केलं होतं हे खरंच. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. बंडोपंताची पिन जिथे लावतात त्या सॉकेटवरही साडेबारा. सगळं ओके. फक्त त्या वेळी बंडोपंत काही काम करत नव्हता. म्हणजे पुढाऱ्याला ‘आपल्याला फावल्या वेळात काय आवडतं?’ विचारून मुलाखत संपवण्यासारखं! वायरीतून करंट वाहतच नसेल तर ती कितीही सडलेली असो, व्होल्टेज पूर्ण दाखवते.

ही तपासणी एकट्याने होत नाही, हाच तिचा घोळ. एकाने टिलर धरून बंडोपंताशी पंजा लढवायचा, दुसऱ्याने त्याच वेळी सॉकेटच्या मागे मीटर लावून बघायचं. मी टिलर धरला, मामा बाकाखालच्या कपाटात डोकं घालून बसला. बंडोपंत ग्झं करून ढकलायला लागला, मी उलटी रेटले.

‘‘किती?’’

आतून काही सेकंद आवाजच नाही. मग, ‘‘नऊ पॉइंट आठ.’’

साडेबाराचे नऊ पॉइंट आठ! बंडोपंताच्या मेंदूला दहाच्या खाली भोवळ येते. बिचारा झोपत नव्हता हो, उपाशीपोटी चक्कर येऊन पडत होता.

आता बॅटरी आणि सॉकेटच्या मधले पावणेतीन व्होल्ट कुठे सांडले ते शोधायचं. त्याची पद्धत मला भलतीच आवडली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं टोक (लांब वायर जोडून) सॉकेटच्या प्लसवर, आणि मग पंजा. जेवढा आकडा दिसेल तेवढं त्या वाटेत गळलं. प्लसच्या वाटेत जेमतेम नऊ दशांश. प्लगच्या पिनांवर हिरवट पूड जमली होती, तिथे तीन दशांश. आणि मायनसच्या वाटेत दीड! सगळे जण प्लसच्याच मागे लागतात. परतीची वाट कुणी बघत नाही. कपाटाच्या पार मागे, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक जोड निघाला. आधीच्या कुणा मालकाने घरातल्या ट्यूबलाइटची उरलेली बारीक वायर पीळ मारून जोडली होती. टेप सोडवली तर आत मोरचुदाच्या रंगाचा चुरा. वायर इंच इंच मागे सोलत गेलो, आतलं तांबं वीतभर काळंच. समुद्राची हवा वायरीच्या आवरणाखालून अशी आत शिरत जाते, उसासारखी.

पुढच्या शनिवारी लोहार चाळीत गेलो. जाड, कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, दाबून बसवायची टोकं, गरम केली की आकसणारी डिंकवाली नळी, नवीन सॉकेट आणि फ्यूज. जाता-येता बारा मीटर वायर. माझं एक शनिवारचं प्रेस स्क्रीनिंग बुडलं. रविवारी पुन्हा पंजा लढवला, तेव्हा सॉकेटवर बारा पॉइंट दोन. मामाने मल्टिमीटरला नमस्कार केला, खरंच!

इथे लेख संपायला हवा होता. संपला नाही.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे अडीच. बंडोपंत तासभर अखंड चाललाय, आम्ही सुखात. मी मामीने दिलेले मेथीचे ठेपले काढले, गाणी लावली आणि पाय पसरले. मामा डुलक्या घेत होता. आणि अचानक, छातीत धस्स करणारा भोंगा! मान वळवली तर मांडव्याची कॅटमरान फेरी समोर, एवढी जवळ की वरच्या डेकवरच्या माणसाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट दिसत होतं. मामाने एका झटक्यात सळी पिनवरून उचलली आणि टिलर खेचला... उजव्या हाताने. फेरी गेली. तिच्या लाटांवर आम्ही बराच वेळ बुचकळ्या खात होतो. मामा खांदा धरून बसला होता. कुणीच काही बोलत नव्हतं.

बंडोपंत झोपला नव्हता. तो शहाण्यासारखा काम करत होता, फक्त पंचवीस-तीस अंश चुकीच्या दिशेला.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. वायरिंग दुरुस्त करायच्या आधीच्या नोंदींतही ‘झोपला नाही पण वाकडा गेला’ असं तीनदा लिहिलेलं होतं, आणि आम्ही ते झोपण्याच्याच खात्यात टाकलं होतं. दोन वेगळी दुखणी एकाच पेशंटला. वेळा बघितल्या: सव्वादोन, दोन वाजून चाळीस, अडीच. जेवणाची वेळ. जेवताना काय वेगळं होतं? मी सगळे रकाने पुन्हा वाचले आणि मग लक्षात आलं की एक रकाना मी आखलाच नव्हता. मी काय करत होते?

मी गाणी लावत होते. माझा लाडका ब्लूटूथ स्पीकर, दर रविवारी, बाकाच्या कडेला. बंडोपंताच्या पोटापासून वीतभर अंतरावर.

स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. बंडोपंताच्या पोटात होकायंत्र. पुढच्या वेळी हातातलं होकायंत्र घेऊन स्पीकर जवळ आणला, तर काटा लांबूनच वळायला लागला, जवळ नेला तसा नुसता नाचला. मी स्पीकर ठेवला की बंडोपंताला वाटायचं, अरे, बोट वळली! आणि तो बिचारा ती ‘सरळ’ करायचा. सरळ फेरीच्या रस्त्यावर. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत चौथ्या पानावर ठळक लिहिलंय, स्पीकर आणि लोखंडी वस्तू लांब ठेवा. चौथं पान कोण वाचतं?

याच विषयावरची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती आमच्या याच पाण्याच्या दोन काठांची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1840च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जायची. मुंबईत विजेची ट्रॅम येणार असं ठरलं आणि प्रश्न पडला: रस्त्यांवरून एवढा करंट वाहायला लागला की नाजूक सुयांचं काय होणार? म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं. तिथली इमारत मुद्दाम चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची बांधली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळावेत म्हणून. ट्रॅम धावली 1907 साली. म्हणजे ट्रॅम यायच्या आधी तीन वर्षं एक अख्खी वेधशाळा समुद्र ओलांडून गेली, आणि मला स्पीकर चार फूट हलवायला तीन महिने लागले.

मामाला फोन करून कबुली दिली. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, ‘‘मला ती गाणी आवडायची पण.’’ मग जरा थांबून, ‘‘तसं म्हटलं तर माझाही एक रकाना राहिलाय.’’

तो रकाना असा. वारा वाढला की शीड कमी करायचं असतं. रीफ घालणं म्हणतात. कामाला लागताना बायका पदर खोचतात ना, तसं शिडाचा खालचा भाग गोळा करून बांधून टाकायचा. आमच्या एवढ्याशा बोटीला बारा-तेरा नॉट वाऱ्यातच ते करायला हवं. नाही केलं तर बोट कलते, नाक वाऱ्याकडे खेचत राहते आणि सुकाणू धरणाऱ्याचा दम निघतो. मग तो माणूस असो की बंडोपंत. दुपारी मोटर घामाघूम व्हायची त्यात वायरीचा दोष होताच, पण शीड अख्खं वर असायचं हाही होता. मी दर वेळी विचारायचे, ‘‘रीफ घालायचा का रे?’’ आणि मामा म्हणायचा, ‘‘एवढ्याशा वाऱ्याला? चल!’’ मला वाटायचं, काय डॅशिंग आहे आपला मामा.

रीफ घालायला डोलकाठीपाशी उभं राहून दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात.

मामा एकटा असला की तिढा आणखी पक्का. रीफ घालायला टिलर सोडायचा म्हणजे बंडोपंत हवा. आणि बंडोपंत तग धरायला आधी रीफ हवा. दोघंही एकमेकांची वाट बघत बसणार, सरकारी फाइलसारखे.

यावर फार थोर उपाय निघाला नाही. निघाला तो असा की रीफ निघण्यापूर्वीच, बोयालाच घालायचा. सकाळी वारा नसताना, सावकाश, स्टुलावर चढून. मग सकाळी बोट रखडते, मांडव्याला पोचायला तासभर जास्त लागतो, बाजूने जाणारे ओळखीचे लोक ‘काय काका, सुट्टीवर का?’ असं ओरडतात. मामाला या शेवटच्याचाच जास्त त्रास झाला. दोन रविवार तो गाल फुगवून बसला होता. पण दुपारी बंडोपंत इतका शांत चालायचा की सळीची हालचाल जेमतेम बोटभर. मग आम्ही त्याची संवेदनशीलताही एक पायरी कमी केली. आधी तो प्रत्येक लाटेला उत्तर देत बसायचा, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या त्या एका माणसासारखा. आता लहानसहान गोष्टी सोडून देतो.

मार्चच्या शेवटी मी विजयी मुद्रेने मामीला जाऊन सांगितलं, बंडोपंत बरा झाला. मामी कणीक मळत होती. म्हणाली, ‘‘छान. आणि हे एकटे असताना पाण्यात पडले तर तो थांबतो का?’’

नाही थांबत.

हे मी कधी डोक्यातच आणलं नव्हतं. बंड्या होता तोपर्यंत माणूस पडला तर सुकाणू सुटून बोट वाऱ्याकडे वळली असती, थांबली असती. आता बंडोपंत झालाय, तर तो मालकाला मागे पोहताना सोडून तीन-चार नॉटने आपल्या दिशेला इमानदारीने निघून जाईल. मी चार महिने खपून नेमकं हेच दुरुस्त केलं होतं! बंद पडणारं यंत्र वाईट की न थांबणारं? मामीने कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

जगप्रदक्षिणा करणारे लोक या प्रश्नाबरोबर महिनोन्महिने राहतात. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’वरून चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वी फिरून मुंबईत परतले. अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून 2012-13 मध्ये न थांबता. पुढे टॉमी 2022-23च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. त्या शर्यतीत तर इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला मनाईच आहे, सुकाणू सांभाळायला फक्त वाऱ्यावर चालणारं यंत्र. पण यंत्र कुठलंही असो, कुणी पडलं तर तेही मागे वळत नाही. म्हणून अशी माणसं स्वतःला पट्ट्याने बोटीला बांधून घेतात. आम्हीही तेच केलं. नाकापासून मागपर्यंत डेकवर एक पट्टी, अंगात हार्नेस, मध्ये एक आखूड केशरी दोरी. बोट बोयावरून सुटायच्या आधी हुक अडकवायचा, परत बोयाला बांधल्यावरच काढायचा. मामा म्हणाला, कुत्र्यासारखं वाटतं. मामी म्हणाली, वाटू दे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मामा एकटा निघाला. मला डेडलाइन होती, ती मी पुढे ढकलली. मामीने दुर्बीण घेतली, डब्यात दहीभात घेतला आणि मला म्हणाली, ‘‘चल, फेरीने जाऊ.’’ आयुष्यात पहिल्यांदा मामी त्या पाण्यावर येत होती. आम्ही वरच्या डेकवर कडेची जागा धरली. सनक रॉकचा दिवा मागे पडला, समोर लांबवर खांदेरी-उंदेरीच्या निळ्या रेघा. आणि मग उजवीकडे आमची बोट. पदर खोचलेलं शीड, जरा रखडत, पण सुतात सरळ. मामा बाकावर पाठ टेकून बसला होता. दोन्ही हात मोकळे. संत्रं सोलत होता.

‘‘दिसतोय का?’’ मी विचारलं.

‘‘ते दिसतायत गं. हुक दिसत नाहीये.’’ मामी दुर्बीण फिरवत राहिली. फोकस कसा करायचा ते तिला सांगितलं. फेरी वळली, आमच्या लाटेवर बोट एकदा वर, एकदा खाली. मामाने आम्हाला पाहिलं आणि संत्र्याचा हात उंच केला. डावा.

‘‘आहे,’’ मामी म्हणाली. ‘‘केशरी आहे ना? आहे.’’

पुण्याच्या त्या गृहस्थांचा फोन त्याच संध्याकाळी आला. मामीनेच घेतला. सीझन संपू दे, मग बघू, म्हणाली. मे संपला, बोट पावसाळ्यापुरती किनाऱ्यावर ताडपत्रीखाली गेली. बंडोपंत घरी आला, मामीने त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. वही माझ्याकडेच आहे. त्या मंगळवारची नोंद अशी: वारा वायव्येकडून, अंदाजे बारा नॉट. एक रीफ. सॉकेटवर बारा पॉइंट दोन (मामाने फोनवर सांगितलं). एकदाही झोपला नाही. एकदाही वाकडा गेला नाही. मी काय करत होते: मामीची दुर्बीण हलू नये म्हणून तिचं कोपर धरून उभी होते.